वाऱ्याकडे तोंड

तयार कपड्यांच्या त्या दुकानात तिला सगळे काचवाली म्हणत. रस्त्याच्या बाजूला दुकानाची लांबरुंद काच होती. तिच्या आत पुतळे उभे करायचे, त्यांना कपडे चढवायचे, हात आणि माना हव्या तशा वळवायच्या आणि आपल्या वाटेने चाललेल्या माणसाला क्षणभर थांबायला लावायचं, हे तिचं काम. कॉलेज संपल्यावर ती दुकानात लागली होती मोजे विकायला. एके दिवशी आधीचा सजावटकार मालकांशी कडाकडा भांडला आणि अर्धा चढवलेला कोट पुतळ्याच्या खांद्यावर तसाच सोडून निघून गेला. मालकांना समोर ही दिसली. "बाई, तेवढी त्या पुतळ्याची दुसरी बाही घाला," ते म्हणाले. ती काचेत शिरली ती शिरलीच.

आत जाताना ती चपला काढून मोजे घालायची, म्हणजे पांढऱ्या फळीवर पावलं उमटायची नाहीत. ओठांत टाचण्या धरून बोलायची, आणि तरी तिचं बोलणं सगळ्यांना कळायचं. पुतळ्यांचे ओठ उडाले, भुवया पुसट झाल्या, की तळघरात बसून बारीक ब्रशाने तीच रंगवायची. नाकाचा टवका गेलेल्या एका जुन्या पुतळीला ती राणीसाहेब म्हणे आणि नवा माल आधी तिच्याच अंगावर चढवी. सगळं झालं की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायची, हाताची घडी घालून बघायची आणि परत येऊन एखादी हनुवटी केसभर वळवायची. तिचा नियम एकच. नव्या पोरींना ती सांगायची, "गिऱ्हाइकाकडे तोंड. कपडा कितीही भारी असू दे, पुतळ्याने पाठ दाखवली की माणूस पुढे गेलाच म्हणून समजा."

या नियमाने तिला कधी दगा दिला नव्हता. रस्त्यावरची अनोळखी माणसं ती बरोबर थांबवायची. थांबायची नाही ती तिची स्वतःची लेक.

लेकीच्या डोक्यावरचे केस जन्मापासून कुठल्याच कंगव्याला बधले नव्हते, म्हणून घरात ती झिपरी. रांगायला लागली ती दाराच्या दिशेने. पुढे पाण्याच्या टाकीवर चढून घरटी बघू लागली. आणि काळजी करण्यात काचवालीचा हात धरणारं कुणी नव्हतं. लेक सहलीला निघाली की हिला बसचे ब्रेक दिसायचे. लेकीचा फोन लागला नाही की हिला दवाखाना दिसायचा. फोन लागला, की आवाज असा का येतोय म्हणून सर्दी दिसायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर काळोख्या खोबणीत लोंबकळून घरी आलेला हा गृहस्थ जेवताना शांतपणे म्हणायचा, "अगं, खाली गेलेलं सगळं पुन्हा वर येतं."

"तुमच्या लिफ्टचं ठीक आहे हो. माझ्या पोटातला गोळा येतो का वर?"

अशा आईच्या पोटी जन्मलेल्या मुलीने पक्ष्यांचा अभ्यास करायचा ठरवला. एक वेळ तेही चाललं असतं. गॅलरीत कबुतरं काय कमी होती? पण हिने निवडले समुद्रपक्षी, आणि राहायला लागली भर समुद्रातल्या एका उघड्या खडकावर.

एका रविवारी झिपरी घरी आली ती पाठीवर भलंमोठं पोतं घेऊन. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने ते उपडं केलं. रंग उडालेले, मिठाने पांढरे पडलेले प्लास्टिकचे पक्षी गडगडत पसरले. एकाने साखरेच्या डब्यात चोच घातली.

"हे काय आणलंस?"

"गिऱ्हाईक बोलवायचे पुतळे. तुझ्याच धंद्यातले आहेत. रंगवून दे."

झिपरीने दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. काचवालीने चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"एकच फोटो दोनदा आणलायस."

"नीट बघ, आई."

नीट बघितल्यावर दिसायला लागलं. दोघेही सुरय जातीचे समुद्रपक्षी. लांब टोकदार पंखांचे, डोक्यावर काळा विस्कटलेला तुरा असलेले. ("तुझ्यासारखेच," आई म्हणाली.) पण एकाची पाठ ढगासारखी राखाडी आणि चोच पिवळीधमक. दुसऱ्याची पाठ फिकी, लांबून पांढरीच वाटावी अशी. चोच जरा केशरीकडे झुकलेली, आणि तिचं टोक शाईत बुडवून काढल्यासारखं काळं.

"सख्खे नाहीत, पण चुलत भाऊ म्हण," झिपरी सांगू लागली. "पिवळ्या चोचीचे उदंड आहेत. कितीतरी समुद्रांवर दिसतात. पक्ष्यांची जी यादी करतात ना, तिच्यात त्यांच्यापुढे लिहिलेलं असतं, चिंता नाही."

"असं लिहिलंय? लिहिणाऱ्याला मुलंबाळं नसणार."

"तुझं नाव घालायचं झालं तर वेगळा रकाना काढावा लागेल, आई. अतिचिंताग्रस्त." झिपरी हसली, मग तिने दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. "हा काळ्या टोकाचा. हा मधे कित्येक वर्षं फारसा कुणाला दिसलाच नव्हता. संपला असंच धरून चालले होते लोक. मग कुणीतरी पिवळ्यांच्या वस्तीत जाऊन फोटो काढले, तर त्या गर्दीत हे बसलेले! चुलत भावांच्या मधे अंग चोरून, पोटाखाली पिल्लं घेऊन. जगातले सगळे गोळा केले तर दोन-चार बसमध्ये मावतील. यांच्यापुढे लिहितात, अतिसंकटग्रस्त."

"मग स्वतःची वेगळी वस्ती का नाही करत ते?"

"एवढ्या थोड्यांनी वस्ती केली तर ससाणे आणि मोठे कुरव, म्हणजे सीगल, अंडी ठेवतील का? गर्दीत शिरलं की जीव वाचतो. म्हणून आधी पिवळे यायला हवेत. पिवळे उतरले तर हे उतरणार."

हे मात्र काचवालीला एका दमात पटलं. "रिकाम्या दुकानात कोण पाय ठेवतं? आत चार माणसं दिसली की पाचवा शिरतो."

"तेच तर! म्हणून पुतळे. बहुतेक पिवळ्या चोचीचे रंगव, मधे मधे थोडे काळ्या टोकाचे."

मग झिपरीने उरलेलं सांगितलं, अगदी सहज आवाजात. पूर्वी हे पक्षी ज्या बेटावर घरटी करायचे तिथे बोटींतून उंदीर पोचले होते, अंडी टिकेनाशी झाली होती. हा खडक उंदरांच्या आवाक्याबाहेरचा. पण बंदर खात्याला तिथे इंधनाच्या टाक्या बांधायच्या होत्या. खात्याने विणीच्या तीन मोसमांची मुदत दिली होती. पहिल्या वर्षी नुसते स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज लावून पाहिले, कुणी आलं नाही. दुसऱ्या वर्षी पुतळे मांडले, कुणी आलं नाही. हे तिसरं. काळ्या टोकाच्या एका जोडीचं एक पिल्लू जरी तिथून उडालं तर खडक कायमचा पक्ष्यांचा. नाहीतर टाक्यांचा.

बोलताना झिपरी साखरेच्या डब्यातल्या पक्ष्याकडे बघत होती. आईने तिची नखं पाहिली. लहानपणी परीक्षेच्या वेळी कुरतडायची तशी, पार मुळापर्यंत कुरतडलेली.

दुकानाच्या तळघरात राणीसाहेबांच्या शेजारी ते सगळे पक्षी रांगेत बसले. खाऱ्या हवेत टिकेल असा रंग काचवालीने शोधून काढला, आधी पाठी, मग तुरे, मग चोची. काळं टोक रंगवताना ती श्वास रोखून धरायची. काम संपल्यावर लेकीला फोन करून म्हणाली, "मांडणी कोण करणार?"

"आम्ही करू की."

"गेल्या वर्षी तुम्हीच केली होती ना?"

"आई, तुला पाण्याची भीती वाटते."

"वाटू दे. मला काय पाण्यावर मांडायचेत?"

मांडणी हे निमित्त होतं. लेक कुठे झोपते, काय खाते, कुठल्या कड्यावर उभी राहते हे एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिचा जीव थाऱ्यावर येणार नव्हता. तिने रजा काढली. नवऱ्याने तिला धक्क्यावर सोडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती बोटीत बसली, पक्ष्यांचं पोतं छातीशी कवटाळून, डोळे घट्ट मिटून.

"मावशी, पहिलीच खेप वाटतं?" बोटवाल्याने विचारलं.

"आणि शेवटचीच."

"घाबरू नका. बोट उलटलीच तर ते पोतं सोडू नका. तुम्ही बुडाल, ते तरंगेल."

खडकावर गवताचं पातंसुद्धा नव्हतं. एका टोकाला किनाऱ्याच्या बाजूने फळ्यांची एक खोपी. तिला समुद्राकडे एक लांबट फट, त्यातून दुर्बीण लावून बघायचं. खोपीपुढे सपाट जागा, आणि तिच्यापलीकडे नुसता समुद्र. या सगळ्या खटपटीच्या प्रमुख होत्या त्यांना सगळे डॉक्टरबाई म्हणत. वयाने काचवालीच्या बरोबरीच्या, उन्हाने रापलेल्या, आवाज खणखणीत. काचवालीने डबा उघडून पहिल्यांदा त्यांच्यापुढे केला. आत उकडलेली अंडी होती.

"ताई," डॉक्टरबाई गंभीरपणे म्हणाल्या, "पक्ष्यांना कळलं तर काय वाटेल?" आणि त्यांनी दोन उचलली.

मांडणी काचवालीने केली आणि बाकीच्यांनी हमाली. दाटीवाटीने पिवळ्या चोची, तीन-चार ठिकाणी काळ्या टोकांच्या जोड्या. मधूनच एखादा एकटा, म्हणजे ओळ वाटू नये. मग रस्ता ओलांडावा तशी ती खोपीत गेली, फटीतून बघितलं, परत येऊन दोघा-तिघांना केसभर वळवलं. शेवटी सगळ्यांना बोलावलं. फटीतून सगळ्या चोची समोर दिसत होत्या, पिवळ्या, केशरी, टोकाशी काळ्या. जणू फोटो काढून घ्यायलाच बसले होते. झिपरीने आईच्या गळ्यात हात टाकले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वा! आता मीच घरटं करते."

स्पीकरवर पक्ष्यांची किलबिल सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. खरे. पिवळ्या चोचींचा एक मोठा थवा समुद्रावरून सरळ खडकाकडे आला, पुतळ्यांवर येऊन हवेत तरंगत राहिला, मान खाली घालून बघत राहिला. खोपीत कुणी श्वास घेत नव्हतं. आणि मग थवा वळला आणि निघून गेला.

असं रोज होऊ लागलं. यायचे, बघायचे, जायचे. काचवालीला ते बघणं ओळखीचं होतं. दुकानासमोर असंच थांबायचं माणूस, काचेला नाक लावायचं आणि आत न शिरता पुढे जायचं. काहीतरी खटकलेलं असायचं. काय, ते त्या माणसालाही सांगता यायचं नाही.

"रंग चुकलाय का?" तिने विचारलं.

"रंग उत्तम आहे, आई."

"चोच जास्त चकाकतेय?"

"आई, पुरे ना!" झिपरी ओरडली आणि मग लगेच पाठ फिरवून बसली. दोन दिवसांपासून ती धड जेवत नव्हती. डॉक्टरबाई "मोसम संपला नाही अजून" असं म्हणायच्या, पण दर वेळी जरा हळू आवाजात. इकडे बोटीच्या खेपेबरोबर बंदर खात्याचे दोन साहेब येऊन खडकाची मापंही घेऊन गेले होते. टाक्या कुठे बसतील त्याच्या खुणा म्हणून त्यांनी चुन्याचे गोल काढले होते. त्यातला एक बरोबर पुतळ्यांच्या मधोमध होता.

एका सकाळी काचवाली टॉवेल वाळत घालायला खडकाच्या उंच कडेला गेली. समोरून वारा इतका होता की ओला टॉवेल चट्कन तिच्या तोंडावर बसला. तिने तो सोडवला, पाठ फिरवून बघितली, तर केस डोळ्यांत, स्कार्फ तोंडात. पुन्हा वाऱ्याकडे तोंड केलं तेव्हा कुठे डोळे उघडता आले. खाली, लाटांच्या वरच्या कपारीत, पांढरे कुरव बसले होते. सगळ्यांची तिच्याकडे पाठ.

'शिकवलं नाही कुणी,' तिच्या मनात आलं. 'गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसलेत.'

तेवढ्यात दोन कुरवांची जागेवरून जुंपली. एकाने दुसऱ्याला ढकललं, ढकललेला गर्रकन उलटा फिरला, आणि मागून वारा त्याच्या पिसांत असा शिरला की पावसाळी छत्री उलटी व्हावी तसा तो फुलला. धडपडला, ओशाळला आणि घाईघाईने पुन्हा समुद्राकडे तोंड करून बसला. पिसं गप्पकन अंगाला चिकटली.

काचवाली टॉवेल तिथेच टाकून पळत सुटली. ज्या वाटेवर 'शेवाळ आहे, जपून चाल' असं ती लेकीला रोज बजावत होती, त्याच वाटेवरून.

"उलटे!" ती खोपीच्या दारात येऊन धापा टाकत म्हणाली. "सगळे उलटे बसलेत!"

"कोण?" झिपरी उभी राहिली. "तू पडलीस का? लागलं का?"

"अगं, मी नाही! पुतळे! वाऱ्याला पाठ करून बसवलेत मी सगळे. या वाऱ्यात असं बसलेलं एक तरी पाखरू दाखव मला!"

डॉक्टरबाईंनी फटीतून बाहेर बघितलं. पुतळ्यांच्या सुंदर, पिवळ्याधमक चोची त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. डॉक्टरबाई एकदम मोठ्याने हसायला लागल्या. "अहो, आम्हाला इथून इतकं छान दिसत होतं ना! आम्ही नुसते बघत बसलो."

"चूक माझी," काचवाली म्हणाली. "मी गिऱ्हाईक या खोपीत बसवलं. गिऱ्हाईक तर वरून येतंय."

तिघींनी मिळून सगळे पुतळे फिरवले. आता फटीतून नुसत्या शेपट्या दिसत होत्या. इतकी कुरूप मांडणी काचवालीने जन्मात केली नव्हती.

दुपारी थवा आला. वर तरंगला. मग त्यातला एक पाय खाली सोडून, पंख उभारून, अलगद उतरला. त्याच्यामागे दुसरा. मग पाच-सहा. झिपरीने आईचा हात इतका घट्ट दाबला की बांगडी वाकली. एका नराने चोचीत चंदेरी मासा धरून आणला, एका पिवळ्या चोचीच्या पुतळीपुढे जाऊन झुकला आणि उभा राहिला. पुतळी काही बोलेना. तो दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा झुकला.

"बिचारा," काचवाली पुटपुटली. "किती वेळ उभा आहे. घे की गं मेले!"

पण ऊन कललं तसा वारा बदलला. समुद्रावरून येणारा वारा आता बाजूने येऊ लागला. खरे पक्षी एकजात वळले. पुतळे मात्र होते तसेच राहिले, सगळ्यांपेक्षा वेगळ्या दिशेला बघत. खऱ्यांच्या माना ताठ झाल्या. एक उडाला, आणि मग सगळेच उडाले. मासेवाला सगळ्यात शेवटी गेला.

बाहेर जाऊन सारखे पुतळे फिरवावेत तर माणसाला बघूनच पक्षी पळणार. झिपरी कपाळ भिंतीला टेकवून बसली आणि म्हणाली, "आपोआप फिरणारे हवेत."

"राणीसाहेबांची मान फिरते," आई म्हणाली.

"काय?"

"अगं, आमची ती जुनी पुतळी. तिच्या धडात एक नळी आहे, मानेला दांडी. दांडी नळीत सैल बसते. दार उघडलं की वाऱ्याने मान फिरायची तिची, म्हणून मी आत कागद कोंबलाय. तसं केलं तर?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग झिपरी उठली. खडकावर फोन लागायचा तो एकाच उंच दगडावर. त्यावर चढायला ती आईला रोज मनाई करायची, कारण आई तिला मनाई करायची. आज दोघी चढल्या.

"अहो," काचवाली फोनमध्ये ओरडली, "नळीत दांडी आणि दांडीवर पक्षी. वाऱ्याने फिरायला हवा. जमेल?"

"पक्षी किती जड?"

"पावाच्या लादीएवढा."

पलीकडे लिफ्टवाला विचार करत होता. मग म्हणाला, "दांडी मधोमध नको. छातीच्या बाजूला घे. म्हणजे मागचा भाग मोठा राहील, वारा शेपटीला ढकलेल आणि तोंड आपोआप वाऱ्याकडे येईल. आणि तू जेवलीस का?"

दोन दिवसांनी बोट आली त्यात तो स्वतः होता. नळ्यांची मोळी, दांड्यांची मोळी, भोकं पाडायचं मशीन आणि लिफ्टच्या दारांना लावायचं ग्रीस. "हे मिठाला दाद देत नाही," त्याने अभिमानाने सांगितलं. चौघं कामाला लागली. डॉक्टरबाई खडकात भोकं पाडत होत्या, तो नळ्या ठोकत होता, झिपरी ग्रीस भरत होती आणि काचवाली प्रत्येक पक्ष्याच्या छातीत दांडी बसवून त्याला एकेक गिरकी देऊन बघत होती. चुन्याच्या त्या गोलात तिने मुद्दाम सगळ्यात दाट वस्ती बसवली.

शेवटचा पुतळा बसला आणि त्याच वेळी एक झुळूक आली. सगळे पक्षी, सगळे, एकदम वळले. जणू कुणी त्यांना हाक मारली होती. लिफ्टवाला कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "अगं," तो म्हणाला, "हे तर जिवंत झाले."

थवा आला तो या वेळी राहायलाच. सकाळी उतरले, वारा बदलला, सगळे वळले, पुतळेही वळले आणि कुणी उडालं नाही. संध्याकाळी आणखी आले. मग त्यांचे आणखी भाऊबंद. थोड्याच दिवसांत स्पीकर बंद करावा लागला, कारण खऱ्यांच्या कलकलाटात तो ऐकूच येईना. चुन्याचे गोल विष्ठेने इतके पांढरे झाले की कुठे होते तेही कळेना. मासेवाल्याला शेवटी खरी बायको मिळाली. तिने मासा घेतला, गिळला आणि दुसरा आणायला पिटाळलं.

एकदा वारा बाजूने होता, त्यामुळे फटीतून सगळे पक्षी आडवे दिसत होते. झिपरी दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. तिने एकाएकी आईची बाही ओढली.

"आई. उजवीकडचा मोठा दगड. त्याच्या पुढे. काय दिसतं सांग."

काचवालीने बघितलं. "काळ्या टोकाचा. माझाच आहे तो, डाव्या बाजूला जरा जास्त काळा झाला होता तो."

"नक्की?"

"अगं, मीच रंगवलाय, मला नाही का कळणार..."

आणि मग तिच्या पुतळ्याने पाय वर केला आणि मान खाजवली.

खोपीत तिघी बायका आणि एक लिफ्टवाला होते. आवाज करायचा नव्हता, म्हणून चौघांनी तोंडावर हात दाबून, एकमेकांना मिठ्या मारत, पाय न वाजवता नाच केला. डॉक्टरबाईंचा चष्मा पडला, तो काचवालीने झेलला. बाहेर त्या पक्ष्याशेजारी दुसरा येऊन बसला. फिकी पाठ, केशरी चोच, काळं टोक. सभोवती पिवळ्या चोचींची तोबा गर्दी, आणि त्या चिंता नसलेल्या गर्दीत अंग चोरून हे दोघं.

काचवालीची रजा संपली. परतीच्या बोटीत तिने डोळे उघडे ठेवले. मोसमी सेल दोन-अडीच महिन्यांवर आला होता, मालकांचे फोनवर फोन चालू होते. पुढचं तिला फोनवरच कळत गेलं. अंडं दिलं. पिवळ्यांच्या मधोमध, एकच. दोघं आळीपाळीने बसतात. एकदा मोठा कुरव आला तर पिवळ्या चोची अशा तुटून पडल्या त्याच्यावर, आई! मग पिल्लू निघालं. मग पिल्लू धावायला लागलं. प्रत्येक फोननंतर काचवालीची काळजी एका पायरीने वाढायची. पिल्लाला ऊन लागत असेल का? पिल्लू कड्याकडे जात तर नाही ना? बंदर खात्याचे साहेब पुन्हा येणार होते, म्हणे, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. पिल्लू उडालं तर सही करणार होते. "उडालं" हा एक शब्द अजून आला नव्हता.

सेलच्या आदल्या दिवशी ती काचेत होती. मोजे घालून, ओठांत टाचण्या धरून. या वेळी तिने सगळे पुतळे रस्त्याकडे तोंड न करता एका बाजूला वळवले होते. कोट मागे उडालेले, स्कार्फ बारीक तारेवर ताणलेले, राणीसाहेबांचा हात टोपीवर. जणू रस्त्याच्या त्या टोकाकडून जोराचा वारा येत होता.

मालक बाहेरून काच वाजवत होते. "बाई! अहो, गिऱ्हाइकाकडे बघत कुणीच नाहीये!"

तिने काही उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. एका हातात पुतळ्याचा सुटा हात होता, दुसऱ्याने तिने फोन कानाला लावला.

"आई, उडालं!" झिपरी रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. "आत्ता! सरळ समुद्रावर गेलं आणि परत आलं! साहेबांनी बघितलं. त्यांनी सही केली, आई. खडक आपला. म्हणजे त्यांचा!"

ओठांतल्या टाचण्या फळीवर सांडल्या. काचवालीने आधी उडी मारली, मग राणीसाहेबांना मिठी मारली, मग तो सुटा हात डोक्यावर गरागरा फिरवत ती काचेत या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचली. बाहेर आवाज जात नव्हता. बाहेरच्यांना दिसत होती ती वाऱ्यात उभी असलेली पुतळ्यांची गर्दी आणि तिच्यात मोज्यांवर नाचणारी एक पोक्त बाई. एक माणूस थांबला. मग त्याच्या मागची दोघं. मग पिशव्या घेतलेल्या बायकांचा घोळका. ज्यांना काही दिसत नव्हतं ते, काय आहे ते बघायला म्हणून थांबले.

मालक गर्दीतून कसेबसे आत आले. "काय झालं? बाई, काय झालं काय?"

"उडालं, मालक! उडालं!"

"काय, फ्यूज?"

तिला हसू आवरेना. त्यांच्या पाठीमागे दुकानाचं दार एकदा उघडलं, मग पुन्हा उघडलं, आणि मग ते मिटेचना. मालकांनी मागे वळून आत शिरणाऱ्या माणसांकडे बघितलं, मग बाजूला वळलेल्या पुतळ्यांकडे बघितलं, आणि पुढचं काही न विचारता ते गल्ल्याकडे पळाले.

काचवालीने टाचण्या गोळा केल्या, पुतळ्याला त्याचा हात लावला, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली. हाताची घडी घालून तिने सगळी काच डोळे भरून बघितली. मग नवऱ्याला फोन लावला.

"अहो," ती म्हणाली, "वर आला हो."

"कोण?"

"पोटातला गोळा."

आणि परत जाऊन केसभरसुद्धा काही न वळवता ती सरळ घराकडे चालू लागली.